ऑस्बर्न रेनॉल्ड्स : तेलाच्या पापुद्र्याचा प्राध्यापक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाचे चरित्र लिहावयास घ्यावे, हे काही वाचकांस आगाऊपणाचे वाटेल. परंतु आमच्या विषयात घसारा नावाचे एक प्रकरण आहे. यंत्राची किंमत दरवर्षी अमुक टक्क्यांनी कमी धरायची, ताळेबंदात तशी नोंद करायची, इतके आम्हाला येते. यंत्र झिजते म्हणजे नेमके काय होते आणि वर्षानुवर्षे फिरूनही एखादे यंत्र का झिजत नाही, हे मात्र आमच्या पुस्तकात नाही. घसारा आणि घासणे हे शब्द इतके जवळचे असताना आम्ही पहिला तेवढा शिकतो.

दुसरे कारण घरगुती आहे. माझ्या मामाचे उद्यमबागेकडे छोटेसे गॅरेज आहे आणि रविवारी त्याचा हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. तिथे गिऱ्हाइकांचा एक प्रश्न सारखा कानावर पडतो. कोणी मराठीत विचारतो, कोणी कानडीत, पण प्रश्न तोच. कंपनीने पुस्तकात लिहिले आहे त्यापेक्षा पातळ ऑइल घातले तर चालेल काय, मायलेज वाढेल काय? ह्या प्रश्नाचे मूळ शोधत गेलो तेव्हा शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका इंग्रज प्राध्यापकापाशी पोहोचलो. विज्ञान शाखेच्या मित्रांना त्याचे नाव रेनॉल्ड्स अंकामुळे ठाऊक असते. पण तो अंक पाण्याचा. तेलाचे जे काम त्याने केले ते कमी लोकांना माहीत आहे.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. घराणे धर्मोपदेशकांचे. वडील, आजोबा, पणजोबा सगळे सफोक परगण्यातील एकाच गावच्या चर्चचे धर्मगुरू. वडील केंब्रिजला गणित शिकलेले, पेशाने शाळेचे मुख्याध्यापक आणि आवडीने यांत्रिकी. शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांनी पेटंटेही घेतली होती. असा बाप घरात असल्यावर मुलगा वेगळा काय होणार? वडिलांची बदली एसेक्समधील डेडहॅमच्या शाळेत झाली आणि ऑस्बर्नचे शिक्षण तिथेच, बरेचसे वडिलांच्याच हाताखाली झाले.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात न जाता हा मुलगा स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे एडवर्ड हेज नावाच्या यंत्रकाराच्या कारखान्यात उमेदवारीस राहिला. हाताला काळे लागल्यावर मग त्याला कळले की यंत्रात जे घडते त्याचा उलगडा करण्यास गणित लागते. तेव्हा तो केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात गेला आणि १८६७ साली गणिताच्या परीक्षेत सातवा आला. आमच्याकडे ह्याचा क्रम उलटा असतो. आधी पदवी, मग नोकरी, आणि कारखाना पाहावयाचा तो शैक्षणिक सहलीत, तासाभरात, बसची वेळ सांभाळून.

१८६८ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजने अभियांत्रिकीच्या प्राध्यापकपदाची जाहिरात दिली. हे कॉलेज जॉन ओवेन्स ह्या कापडाच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून निघालेले. त्याने १८४६ साली सुमारे ९६ हजार पौंड मागे ठेवले आणि १८५१ साली कॉलेज उघडले. (व्यापाऱ्यांनी विज्ञानासाठी काय केले, असे कोणी विचारल्यास वाणिज्य शाखेने हे उदाहरण द्यावे.) पगार वर्षाला पाचशे पौंड होता आणि त्या काळी ही रक्कम मोठी होती. पंचवीस वर्षांच्या रेनॉल्ड्सने अर्ज केला आणि त्याची निवड झाली. मग १९०५ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, तो त्याच कॉलेजात राहिला.

शिक्षक म्हणून ते कसे होते? ह्याविषयी त्यांचे विद्यार्थी जे. जे. टॉमसन ह्यांनी लिहून ठेवले आहे. हे टॉमसन म्हणजे पुढे इलेक्ट्रॉन शोधणारे. ते वयाच्या चौदाव्या वर्षी ओवेन्समध्ये दाखल झाले होते. त्यांच्या आठवणींवरून दिसते की रेनॉल्ड्सचा तास समजणे कठीण असे, पण माणूस गोड होता. एकदा तास आहे हेच ते विसरले. कोणीतरी आठवण केल्यावर धावत आले, टेबलावरचे रँकिनचे पाठ्यपुस्तक उचलले, एक सूत्र दिसले आणि ते चूक आहे असे जाहीर करून फळ्यावर सिद्ध करावयास लागले. लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. तास संपता संपता निष्कर्ष निघाला की रँकिनचेच बरोबर होते. दुसऱ्या एका तासाला गणकपट्टी कशी वापरावी हे दाखवताना त्यांनी तीन गुणिले चारचे उत्तर ११.८ काढले आणि आपल्या कामापुरते ते पुरेसे जवळ आहे असे सांगून पुढे गेले. आमच्या हिशेबतपासनिसाने हे ऐकले तर त्याला झीट येईल. पण विचार केला तर त्या तासाला बसलेल्या मुलांना एक गोष्ट खासच कळली असेल की पाठ्यपुस्तकातले सूत्र हे कोणीतरी माणसाने काढलेले असते आणि ते तपासून पाहता येते.

संसाराच्या बाबतीत सुरुवातीचा काळ फार वाईट गेला. १८६८ साली, नोकरी लागली त्याच वर्षी, लीड्सच्या डॉक्टर चॅडविक ह्यांच्या मुलीशी, शार्लटशी, लग्न झाले. वर्षभरात मुलाच्या जन्मानंतर ती वारली. तो मुलगा पुढे दहा वर्षांचा होऊन १८७९ साली गेला. १८८१ साली त्यांनी दुसरे लग्न केले आणि त्या संसारात तीन मुलगे व एक मुलगी झाली. चरित्रकार ह्या गोष्टी दोन ओळींत सांगतात. मलाही त्याहून जास्त सांगता येत नाही. इतकेच ध्यानात घ्यावे की ज्या कामांमुळे आज त्यांचे नाव घेतले जाते ती १८८३ आणि १८८६ ची कामे ह्या दुःखानंतरची आहेत.

१८८३ चे काम पाण्याचे. काचेच्या लांब नळीतून पाणी वाहू द्यायचे आणि त्यात रंगाची बारीक धार सोडायची. वेग कमी असताना धार दोऱ्यासारखी सरळ जाते. वेग वाढवीत नेला की एका टप्प्यावर ती एकाएकी विस्कटते आणि सगळ्या नळीभर रंग पसरतो. हा टप्पा केव्हा येईल हे वेग, नळीची रुंदी, द्रवाची घनता आणि त्याचा दाटपणा ह्या चार गोष्टींच्या एकाच गुणोत्तरावर ठरते, असे त्यांनी दाखविले. तोच रेनॉल्ड्स अंक. ह्याविषयी विज्ञान शाखेच्या मित्रांनी लिहावे. मला तेलाकडे जावयाचे आहे.

१८७९ साली इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने, वेगाने फिरणाऱ्या दांड्यांच्या घर्षणाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली आणि प्रयोगाचे काम बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याकडे दिले. त्या काळी आगगाड्यांच्या आसांवर पितळी बेअरिंगे असत. टॉवरने चार इंच व्यासाची पोलादी दांडी घेतली, तिच्यावर अर्धवट वेढणारे पितळी बेअरिंग ठेवले, वर वजन दिले आणि दांडीचा खालचा भाग तेलात बुडता ठेवला. घर्षण इतके कमी निघाले की पूर्वीच्या कोणत्याही आकड्यांशी ते जुळेना. त्याहून चमत्कारिक प्रकार पुढे झाला. वरून तेल सोडण्यासाठी म्हणून टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊन सांडू लागले. त्याने बूच मारले; तेलाने ते ढकलून काढले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. तेव्हा त्याने तिथे दाबमापक बसविला आणि काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पुढे गेला. वरच्या वजनाचा सरासरी दाब ह्याच्या निम्म्यानेच होता! म्हणजे दांडी आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नव्हती. मधला तेलाचा पापुद्रा सगळे वजन अंगावर घेऊन उभा होता.

टॉवरने १८८३ साली अहवाल दिला. आता हा दाब आला कोठून, हे सांगणारा माणूस हवा होता. पंप नाही, बाहेरून जोर नाही, मग तेलाला एवढे बळ कोणी दिले?

रेनॉल्ड्सनी १८८६ साली रॉयल सोसायटीपुढे दीर्घ निबंध मांडून ह्याचे उत्तर दिले. ते समजण्यास मला स्वतःला आपली गणपत गल्ली उपयोगी पडली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी खडेबाजाराकडून माणसांचा लोंढा येतो. रस्ता पुढे अरुंद होत जातो, मागून माणसे येतच असतात, बाजूला सरकावयास जागा नसते. अशा वेळी ज्याने कोणालाही मुद्दाम ढकललेले नाही अशा माणसाच्याही बरगड्या दाबल्या जातात. बेअरिंगमध्ये हेच होते. दांडी बरोबर मध्यभागी नसते, किंचित एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे तिच्याभोवतीची फट एका बाजूस रुंद आणि पुढे अरुंद, पाचरीसारखी असते. फिरती दांडी आपल्या अंगाला चिकटलेले तेल त्या पाचरीत ओढून नेते. जागा कमी, तेल जास्त. ते मागे येऊ शकत नाही, बाजूने निसटण्यास त्याला वेळ लागतो, कारण ते दाट आहे. म्हणून दाब चढतो आणि दांडी उचलली जाते.

तेल दाट आहे म्हणून निसटण्यास वेळ लागतो, ह्या एका वाक्यात पातळ ऑइलचा सगळा प्रश्न आला. द्रवाच्या ह्या गुणाला शास्त्रीय पुस्तकात श्यानता म्हणतात. मामा घट्टपणा म्हणतो. त्याच्याकडचा हेल्पर कानडीत गट्टी म्हणतो, गट्टी मोसरू म्हणजे घट्ट दही, तसे. मला मामाचा शब्द पुरतो. तेल जितके पातळ तितके ते फटीतून लवकर सटकते, पापुद्रा तितका बारीक राहतो. गर्दीत लहान मुले कशी माणसांच्या पायांमधून सटकून जातात तसे. पण दुसरी बाजूही आहे. दाट तेल ढवळावयास इंजिनाला शक्ती खर्चावी लागते आणि ती शक्ती इंधनातूनच येते. पातळ तेल कमी विरोध करते. तेव्हा मायलेज वाढते हे म्हणणारा गिऱ्हाईक खोटे बोलत नाही, हे आधी कबूल केले पाहिजे.

रेनॉल्ड्सच्या त्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मला वाटते पुरेसे लक्ष दिले जात नाही. टॉवरच्या प्रयोगांत वेग वाढविला तरी घर्षण त्या प्रमाणात वाढत नव्हते. रेनॉल्ड्सनी ओळखले की वेगाबरोबर तेल तापते आणि तापले की पातळ होते. हे नुसते तर्काने सांगून ते थांबले नाहीत. टॉवरने वापरलेल्या तेलांपैकी ऑलिव्हचे तेल घेऊन निरनिराळ्या तापमानांना त्याचा दाटपणा त्यांनी स्वतः मोजला आणि तो किती झपाट्याने उतरतो ह्याचे सूत्र बसविले. कारखान्यात उमेदवारी केलेला गणिती असा असतो. इंग्रजी मापपद्धतीत दाटपणाचे जे एकक आहे त्याला रेनॉल्ड्सच्याच नावावरून रेन म्हणतात.

योगायोग असा की १८८६ च्या जानेवारीत जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले. मोटार आणि तिच्या बेअरिंगचे गणित एकाच वर्षी जगात आले. दोघांची गाठ पडावयास मात्र बरीच वर्षे जावी लागली.

१९०२ साली रिशार्ड श्ट्रिबेक ह्या जर्मन अभियंत्याने बेअरिंगच्या घर्षणाची पुष्कळ मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांवरून जी वक्ररेषा निघते ती पाहून मी चकित झालो, कारण ती मला ओळखीची होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सरासरी खर्चाची रेषा असते ना, आधी उतरते, तळ गाठते आणि मग पुन्हा चढते, तशीच. आडव्या अक्षावर तेलाचा दाटपणा गुणिले वेग भागिले वजन. उभ्या अक्षावर घर्षण. तळाच्या उजवीकडे पूर्ण पापुद्रा असतो, धातूला धातू लागत नाही, आणि तिकडे चढण हळूहळू आहे. डावीकडे पापुद्रा इतका बारीक होतो की पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना खरवडू लागतात, आणि तिकडची चढण कड्यासारखी आहे. पातळ तेल घालणे म्हणजे ह्या रेषेवर डावीकडे सरकणे. उजवीकडे दूर असाल तर डावीकडे सरकण्यात फायदाच आहे. तळाशी आधीच असाल तर एक पाऊलही पुरते.

इथे रेनॉल्ड्सचे तापमानाचे सूत्र पुन्हा उपयोगी येते. उजवीकडे असताना समजा घर्षण थोडे वाढले, तर तेल तापते, पातळ होते आणि घर्षण आपोआप कमी होते. गाडी स्वतःला सावरते. डावीकडे मात्र घर्षण वाढले की तेल तापते, आणखी पातळ होते, धातू आणखी घासतो, आणखी तापतो. कर्जाचे व्याज भरावयास पुन्हा कर्ज काढणाऱ्यासारखी गत. बेअरिंग जाते ते असे, काही मिनिटांत.

मग गाडीची कंपनी कोणते ऑइल सांगते? डब्यावर दोन आकडे असतात. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतला आहे, इंजिन गार असताना तेल किती वाहते ह्याचा. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सिअसचा, म्हणजे तापलेल्या इंजिनाचा. पुष्कळ लोक पहिल्या आकड्याला भितात, त्याचे कारण नाही. ०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० तापल्यावर एकाच पट्ट्यातली असतात, म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. पाहावयाचा तो दुसरा आकडा. ३० चे तेल ९.३ ते १२.५ आणि २० चे ६.९ ते ९.३. शिवाय दीडशे अंशाला, जोरात घासले जात असताना दाटपणा किमान किती उरला पाहिजे ह्याचीही मर्यादा आहे : २० च्या तेलाला २.६, ३० च्या तेलाला २.९, आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७ मिलिपास्कल-सेकंद. बेअरिंगला खरे तर ह्याच शेवटच्या आकड्याशी कर्तव्य असते.

अलीकडे नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ अशी पातळ तेले सांगतात. अमेरिकेत फोर्ड आणि होंडा ह्यांनी २००१ च्या सुमारास ५डब्ल्यू-२० कडे मोर्चा वळविला. तिथे कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर सरकारी नियम आहेत. भारतातही तसे नियम २०१७ पासून आले. लाखो गाड्यांवर शेकडा एक टक्का वाचला तरी कंपनीच्या हिशेबात तो मोठा आकडा असतो. म्हणून काही जण म्हणतात की पातळ तेल हे कंपनीच्या फायद्यासाठी आहे, इंजिनाच्या नव्हे. मला हे अर्धेच खरे वाटते. कारण त्या इंजिनांची बेअरिंगे, त्यांवरचे लेप, फटी, तेलाचा पंप हे सगळे त्या तेलासाठी आखलेले असते. जुन्या इंजिनात नुसते तेल पातळ घातले म्हणून इंजिन नवे होत नाही.

मामाच्या गॅरेजमध्ये आलेले एक उदाहरण सांगतो. एक गृहस्थ बेळगाव ते पणजी भाड्याची डिझेल गाडी चालवितात. गाडी दोन लाख किलोमीटर झालेली, हप्ते अजून चालू, घरात कमावणारे एकटे. पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलेले असताना कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ५डब्ल्यू-२० भरले. मायलेज थोडे वाढलेही. पण चोर्ला घाट चढून वर आल्यावर गाडी उभी करून इंजिन मंद चालू ठेवले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. वजन भारी, तेल तापलेले, वेग मंद : श्ट्रिबेकच्या रेषेवर डावीकडे नेणाऱ्या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी. मामाने तेल काढले, फिल्टर कापून उजेडात पाहिला. धातूची चमक नव्हती. पुस्तकातले तेल भरले, दिवा गेला.

त्या रविवारी मी त्यांच्यासाठी हिशेब मांडला. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर, लिटरला चौदा, म्हणजे सुमारे २,८५७ लिटर डिझेल. शेकडा दीड वाचले तर ४३ लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर वर्षाला ३,८७० रुपये. दुसऱ्या बाजूला इंजिन उतरवून क्रँक आणि बेअरिंगचे काम करावयाचे तर मामाच्या अंदाजाने साठ-सत्तर हजार, आणि गाडी पंधरा दिवस उभी, ते भाडे वेगळेच. वर्षाच्या बचतीतून ही रक्कम भरून यावयास सोळा-सतरा वर्षे लागतील, आणि तितकी वर्षे त्या गाडीला नाहीत. कंपनीने ठेवलेला दाटपणाचा अधिकपणा हा वाया गेलेला खर्च नसून ती गंगाजळी आहे. घाटात, उन्हाळ्यात, तेल बदलावयास उशीर झाला तर खर्ची टाकण्यासाठी ठेवलेली. गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. नंतर तो कागद घडी करून त्यांनी गाडीच्या कागदपत्रांत ठेवला.

ह्याचा अर्थ दाट तेच उत्तम, असा मात्र नव्हे. मामाची स्वतःची पूर्वी तशी समजूत होती. घट्ट तेल म्हणजे भारी तेल. ०डब्ल्यू-२० वर चालणारी नवी गाडी घेऊन येणारे आणि हट्टाने २०डब्ल्यू-५० मागणारे गिऱ्हाईक अजूनही येते. त्या गाडीत गार इंजिनाच्या वरच्या भागांना तेल उशिरा पोहोचते, बारीक वाटांतून ते नीट फिरत नाही, इंधन जास्त जाते. मामा आता अशांना सरळ पुस्तक उघडून दाखवितो. कधी कधी गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जाते. जाऊ दे म्हणतो.

असो. रेनॉल्ड्सकडे परत येतो. १८७७ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १८८८ साली त्यांना सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. ह्या काळात त्यांनी किती निरनिराळ्या गोष्टींना हात घातला ते पाहिले की थक्क व्हावयास होते : अनेक टप्प्यांचा पाण्याचा पंप, मर्सी नदीच्या मुखाची छोटी प्रतिकृती करून गाळ कसा साचतो त्याचा अभ्यास, पावसाने समुद्राच्या लाटा का शांत होतात, वाळूवर पाय ठेवला की भोवतालची ओली वाळू कोरडी का दिसते. १८९७ साली पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास किती यांत्रिक काम लागते, ह्याचे अतिशय काटेकोर मोजमाप त्यांनी मूरबी ह्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. तीन चोक ११.८ म्हणणारे हेच गृहस्थ!

शेवटची वर्षे मात्र करुण आहेत. वाळूच्या त्या निरीक्षणावरून त्यांच्या मनात आले की सगळे विश्वच अतिसूक्ष्म कणांनी दाटून भरलेले आहे आणि गुरुत्वाकर्षण, प्रकाश सगळे त्यातून निघते. १९०२ साली केंब्रिजला त्यांनी ह्यावर व्याख्यान दिले, १९०३ साली रॉयल सोसायटीने जाडजूड ग्रंथ छापला. तो कोणालाही नीटसा समजला नाही. त्या सुमारास त्यांची प्रकृती आणि बुद्धी दोन्ही ढासळत चालल्या होत्या. काही म्हणतात की ग्रंथातील दुर्बोधता त्यामुळेच आहे. मला तसे ठामपणे म्हणवत नाही. त्यांचे चांगले निबंधही सोपे नव्हतेच. १९०५ साली ते निवृत्त झाले आणि सॉमरसेटमधील वॉचेट ह्या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तिथे २१ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी, काही महिन्यांनी, अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवरील होल्टवुडच्या जलविद्युत केंद्रात अल्बर्ट किंग्जबरी ह्या अभियंत्याने केलेले नवे बेअरिंग बसविण्यात आले. टर्बाइनचे अवाढव्य वजन तिरप्या तुकड्यांवरील तेलाच्या पाचरीवर तोलण्याची ही युक्ती १८८६ च्या निबंधातूनच निघालेली. ऑस्ट्रेलियात मिशेल ह्यांनी तशाच बेअरिंगचे पेटंट १९०५ साली, म्हणजे रेनॉल्ड्स निवृत्त झाले त्या वर्षी घेतले होते.

काचेच्या नळीचे ते १८८३ चे उपकरण मँचेस्टरच्या विद्यापीठात जपून ठेवले आहे. शंभर वर्षांनी तिथल्या संशोधकांनी त्याच टाकीत तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. रेनॉल्ड्सच्या वेळी रंगाची धार अंक सुमारे १३,००० होईपर्यंत सरळ राहिली होती. आता ती त्याच्या बरीच आधी विस्कटते, कारण बाहेरच्या रस्त्यावरील मोटारींच्या रहदारीने टाकी हादरत असते.